साथीच्या काळात भाकरी ताटापर्यंत कशी येते?



भाकरी ताटात येते, पण ती कुठून कुठून फिरून येते याचा विचार आपण क्वचितच करतो. शेतकरी पिकवतो, हमाल गोणी उचलतो, ट्रकवाला नेतो, बाजार समितीत लिलाव होतो, व्यापारी घेतो आणि दुकानदार विकतो. ही एक साखळी आहे. एक कडी निसटली की सगळी साखळी निकामी. साथीत नेमके हेच होते. कारण प्रत्येक कडी म्हणजे माणूसच, आणि साथीत माणसांनी गर्दी करायची नसते.

२५ मार्च २०२० पासून कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली. धान्य, भाजी, दूध यांना मुभा होती. तरी ट्रक मिळेनात, ड्रायव्हर मिळेनात, मजूर गावाकडे निघाले. मे महिन्यात नवी मुंबईची मोठी बाजारपेठसुद्धा काही दिवस बंद ठेवावी लागली. कित्येकांचा माल शेतातच सडला. म्हणजे अन्न होते, पण त्याची वाट अडली होती. ती वाट मोकळी करायला संगणक आणि मोबाईल कसे उपयोगी पडले, ते मी सांगते.

पहिली गोष्ट, ई-नाम. हा राष्ट्रीय कृषी बाजार १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. यात मालाची प्रत तपासून संगणकावर नोंदतात. व्यापारी आपल्या जागेवरून बोली लावतो आणि पैसे शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात. २ एप्रिल २०२० रोजी यात नवी सोय झाली. नोंदणीकृत गोदामात ठेवलेला माल तिथूनच विकता येऊ लागला. शेतकरी कंपन्यांनाही आपल्या केंद्रातूनच माल विकता येऊ लागला. तेवढी बाजारातली गर्दी कमी. मे २०२० पर्यंत देशातले १,००० बाजार याला जोडले गेले.

दुसरी गोष्ट, किसान रथ. हे मोबाईलचे अ‍ॅप १७ एप्रिल २०२० रोजी आले. कोणता माल, किती वजन, कुठे न्यायचा, हे शेतकऱ्याने त्यात भरायचे. मग गाडीवाल्यांचा पत्ता लागतो आणि भाडे बोलून ठरवता येते.

हे मी घरी वाचून दाखवले तेव्हा आजोबा म्हणाले, “आगं पोरी, मोबाईलमधनं कांदा जातो व्हय?” त्यांचे म्हणणे खरेच आहे. मोबाईल फक्त निरोप देतो. माल न्यायला चाकेच लागतात. म्हणूनच ७ ऑगस्ट २०२० रोजी नाशिकजवळच्या देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे सुटली. निरोप आणि चाक दोन्ही असतील तरच माल पोहोचतो.

तिसरी गोष्ट, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र. अंगठा ठेवला की आपल्या कार्डावर किती धान्य आहे ते दिसते आणि पावती निघते. एप्रिल २०२० पासून साथीच्या काळात माणशी ५ किलो धान्य मोफत जादा मिळू लागले; ही जादा सोय डिसेंबर २०२२ मध्ये संपली. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो नेहमीचे होतेच. आता गणित करा. घरात ५ माणसे असली तर तेव्हा २५ किलो नेहमीचे आणि २५ किलो जादा, एकूण ५० किलो मिळायचे. हे ज्या घराला ठाऊक नसेल त्याला कमी मिळाले तरी कळणार कसे?

याच यंत्रामुळे एका गावचे कार्ड दुसऱ्या गावी चालते. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात ही सोय सुरू झाली आणि जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचली. ऊसतोडीला गेलेल्या माणसांना तिकडे थोडे धान्य घेता येते आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना इकडे उरलेले. पण २०२० च्या टाळेबंदीत ती सोय सगळीकडे नव्हती. त्यामुळे परराज्यात अडकलेल्या पुष्कळ मजुरांचे कार्ड गावात आणि पोट शहरात, असे झाले.

यंत्रालाही मर्यादा आहेत. सगळ्या गावाने एकाच यंत्रावर अंगठा ठेवला तर साथ पसरेल, म्हणून तेव्हा अनेक राज्यांनी अंगठा घेणे काही काळ थांबवले. कष्टाने झिजलेला अंगठा कधी उमटत नाही. कधी रेंज नसते. ज्याच्याकडे साधाच फोन आहे त्याला अ‍ॅपचा काय उपयोग? अशा वेळी ग्रामसेवक, दुकानदार, शिक्षक आणि शेजारी यांनीच पुढे व्हावे लागते.

म्हणून पालकांना विनंती की, घरातल्या सर्वांची नावे कार्डावर आहेत का ते आजच पाहावे. साथ आल्यावर पळापळ नको. आणि मित्रांनो, आपण वाचायला शिकलो आहोत. रेशनची पावती आपल्या आजीला आणि शेजारच्या आजीलाही वाचून दाखवू या. एवढे काम आपल्याला नक्की जमेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी