भाड्याची मिळकत : नवख्यांसाठी हिशेब आणि विवेक

दुकानाची गादी सांभाळता सांभाळता हाती चार पैसे शिल्लक पडले, की आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष प्रथम घराकडे किंवा गाळ्याकडे वळते. माल पडून खराब होतो, उधारी बुडते. इमारत मात्र उभ्या जागी दरमहा भाडे देते, असा विश्वास त्यामागे असतो. हा विश्वास खोटा नाही, पण अपुरा आहे. बेळगावसारख्या पेठेत प्रथमच अशी मिळकत घेऊ इच्छिणाऱ्या तरुण सभासदांनी विसार देण्यापूर्वी हिशेबास बसावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

उदाहरणादाखल ४० लाखांचे घर धरू. मुद्रांक, नोंदणी व किरकोळ दुरुस्ती यांस ४ लाख लागले, तर गुंतवणूक ४४ लाखांची झाली. भाडे दरमहा १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यांतून एक महिना घर रिकामे राहिल्याचे १२ हजार, घरपट्टी-पाणीपट्टीचे ८ हजार आणि रंग, नळ, गळती यांचे १४ हजार वजा करावेत. उरले १ लाख १० हजार; म्हणजे गुंतवणुकीवर अवघे अडीच टक्के. याच घरासाठी साडेआठ टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज काढले असेल, तर पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे अडीच लाख होते. भाड्यातून त्याचा निम्मा भागही फिटत नाही. पुढे किंमत वाढेल हे खरे मानले, तरी वाढलेली किंमत हप्ता भरत नाही. तो दुकानाच्या खेळत्या भांडवलातून जातो. ऐन हंगामात माल भरावयास पैसा नसणे, हे या चुकीचे खरे मोल होय.

करांची बाजूही पाहावी. भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. परंतु व्याजामुळे झालेला घराचा तोटा नव्या करपद्धतीत व्यापाराच्या नफ्यातून वजा करता येत नाही. ज्याच्या नावावर नियमित जीएसटी नोंदणी आहे, त्याला दुकानगाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के कर आकारावा लागतो, हे अनेकांना उशिरा कळते.

कागदपत्रांत आळस नको. गेल्या ३० वर्षांचा बोजाचा दाखला, विक्रेत्याच्या नावाचा खाते उतारा आणि बांधकामाचा परवाना वकिलाकडून तपासून घ्यावा. वडिलोपार्जित मिळकत असल्यास सर्व वारसांची संमती पाहावी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे आहे. अकरा महिन्यांच्या कराराची चाल त्यामुळेच पडली. पण अकरा महिने झाले म्हणून करार तोंडी ठेवू नये. मुदत, भाडे, वार्षिक वाढ, अनामत आणि दुरुस्ती कोणी करावयाची, हे सर्व स्पष्ट लिहावे.

अनामतीविषयी थोडे अधिक. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ हे दोन सांगितले आहेत. करारात आठ हजार लिहून हाती बारा हजार घेणे, हा पहिला दोष. वाद उद्भवला तर लिहिलेले आठच हजार पुढे येतात, हे वेगळेच. ठेव ठेवणारा रकमेचा आकडा विसरून कमी मागू लागला असता तेवढीच देऊन गप्प राहणे, हा दुसरा. घर सोडताना भिंतीवरील खिळ्यांची भोके दाखवून अनामत कापणारा मालक याच वाटेने जातो. अनामत हे आपले भांडवल नव्हे, ती भाडेकरूची ठेव आहे. तिची पावती द्यावी, तिचे खाते बँकेत निराळे ठेवावे आणि ती मालखरेदीत कधीही फिरवू नये.

परिग्रहाची मर्यादा सांगताना आपल्या आचार्यांनी क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख प्रथम केला आहे. नवख्याने हीच मर्यादा व्यवहारात आणावी : पहिली मिळकत लहान असावी, आपल्या नित्य जाण्यायेण्याच्या वाटेवर असावी आणि दुकानाच्या भांडवलाला हात न लावता घेता येण्याजोगी असावी. पेढीने घर उभे केले हे भूषण आहे. घरापायी पेढी बसली, असे मात्र होऊ नये.