तेवीस नर, चार माद्या

सोमवारी रंगारी येणार म्हणून बाहेरच्या खोलीतली तीन फुटी टाकी रिकामी करायला घेतली. स्टँडच्या मागे सुतळीने बांधलेली शंभरपानी वही सुटून हातात आली. वेळोवेळी लिहिलेली, पण सलग कधी वाचलेली नाही. पहिली नोंद 14 जून 2015 ची: ‘क्रिब, 1 जोडी, कुर्ला.’ नऊ वर्षांत पानं फुगलीत, शाई फुटलीय, मधूनमधून मिठाच्या पाण्याचे पांढरे डाग. पाणी उपसायचं राहिलं बाजूला, मी वही वाचत बसलो.

क्रिब म्हणजे क्रिबेन्सिस. पश्चिम आफ्रिकेतला, मुख्यतः दक्षिण नायजेरियाच्या ओढ्या-नद्यांतला बोटभर सिक्लिड. नाव मात्र कॅमेरूनच्या किनाऱ्यावरच्या क्रिबी गावावरून पडलेलं, तेही मुळात याच्या एका भाऊबंद जातीचं. बाजारात एकदा चिकटलं ते चिकटलं. नर फार तर चार इंच, मादी त्याहून लहान आणि गोल. विणीला आली की तिच्या पोटाला कोकमाच्या आगळाचा रंग चढतो. मग ती नरासमोर अंग धनुष्यासारखं वाकवून थरथरते. मागणी मुलीकडून असते.

मी ही जोडी चक्क भरल्या घरात आणून सोडली होती. दहा निऑन टेट्रा, पाच कोरी, गप्पींची बेहिशेबी प्रजा आणि काचेला चिकटलेला एक सकर. आईने खोवून झालेली करवंटी मी कानशीने एका कडेला खाचली आणि वाळूवर पालथी घातली. दोन महिन्यांनी मादीने आतली वाळू तोंडाने उपसून दाराशी ढीग केला आणि ती दिसेनाशी झाली. टॉर्च मारली तर करवंटीच्या छताला लालसर तपकिरी अंडी लोंबत होती. ‘अंडी!!!’ असं तीन उद्गारचिन्हांसकट वहीत आहे. चौथ्या दिवशीची नोंद एका शब्दाची: ‘गेली.’

पहिला आळ अर्थातच कोरींवर. पुढच्या दोन विणीही तशाच गेल्या, तेव्हा रात्री खुर्ची टाकून बसलो आणि बाप स्वतःच अंडी टिपताना दिसला. नवख्या जोडप्याच्या सुरुवातीच्या विणी अशा जाणं नेहमीचंच, हे कळेपर्यंत मी त्या बापाला वहीत बरंच काही लिहून ठेवलंय.

त्यानंतरची दीडेक वर्षं माझ्या बचावकार्याची. अंडी तीन दिवसांत फुटतात, पिल्लं आठवड्याभराने पोहू लागतात. पोहू लागली रे लागली की मी एअर पंपाच्या नळीने ती ओढून टबमध्ये घ्यायचो आणि उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून घालायचो. पिल्लं खायची थोडा, उरलेला नासायचा, दुसऱ्या सकाळी टबाला वास. अशा चार विणी मी प्रेमाने मारल्या.

सुटका आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या चिमुकल्या जिवाने केली. बिसलेरीची बाटली बुडाशी कापून उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम जाडं मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, खालून हवेचे बुडबुडे. चोवीस-तीस तासांनी हवा बंद करून तोंडाशी दिवा धरला की टरफलं वर तरंगतात आणि खाली नारिंगी धुळीसारखे जीव गोळा होतात. ते गाळून, गोड्या पाण्यात धुऊन टबमध्ये सोडायचे. पाच मिनिटांत प्रत्येक पिल्लाचं पोट नारिंगी ठिपक्यासारखं उठून दिसतं. ते बघण्यासाठी मी कित्येकदा 8.12 ची लोकल सोडली आहे.

2017 च्या पावसाळ्यात पहिल्यांदा पिल्लं वाढवून दाखवली. सत्तावीस! कुणीतरी सांगितलं म्हणून टबमध्ये बदामाची वाळकी पानं टाकली होती. आमच्या गल्लीत देशी बदामाची झाडं आहेत, पानं फुकट, त्यामुळे हात सैल. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. सहा महिन्यांनी पिल्लं पिशवीत भरून ओळखीच्या दुकानदाराकडे नेली. त्याने पिशवी उजेडात धरली, फिरवली आणि परत माझ्या हातात दिली. “काका, जोडी द्या की. नुसते नर कोण घेतंय?” घरी येऊन मोजले. तेवीस नर, चार माद्या.

नशिबाचा खेळ म्हणून सोडून दिलं असतं, पण पुढची वीणही तशीच निघाली. मग शोध घेतला. क्रिबचं नर-मादीपण पिल्लू लहान असताना पाणी किती आम्लधर्मी आहे त्यावर हलतं. आंबट पाण्यात नर जास्त. अपिस्टोग्रामा या दक्षिण अमेरिकी चुलत घराण्यात तर तापमानही हात घालतं, पाणी ऊन असेल तर नरांचं पारडं जड. आमचं नळाचं पाणी आधीच मऊ, त्यात माझी पानं. टेस्ट किटचे थेंब टाकल्यावर नळी पिवळीजर्द व्हायची आणि मी ते ‘पाणी छान’ असं लिहून ठेवत होतो! तिसऱ्या विणीला पानं बंद केली, फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा चुरा घातला. माद्या निम्म्याच्या जवळ आल्या.

रॅम या आणखी एका सिक्लिडबद्दल वहीत पाऊण पान आहे, त्यात ‘मेला’ हा शब्द सहा वेळा. पुढे जाऊ.

एक पान गोव्याचं. मावशीकडे ताटात रव्यात तळलेलं कालुंदर आलं. तोंडात घातल्यावर आठवलं, हाही सिक्लिडच. भारतात या कुळाच्या मूळच्या जाती मोजून तीन. त्यातला आणखी एक, पिवळा-नारिंगी क्रोमाइड, पिल्लांना स्वतःच्या अंगावरचा बुळबुळीत थर चरू देतो. ज्यांच्या पोरांसाठी मी रात्री जागतो त्यांच्याच भावकीतला ताटात. खाल्लं मात्र सगळं. मावशी समोर बसली होती.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आर्टेमियाचा डबा तळाला गेला होता. त्या चार माद्यांतली एक आता घराची मालकीण होती, नर कुर्ल्याहून नवा आणलेला. तिची पिल्लं बाहेर पडली, पण खायला घालायला काही नव्हतं. म्हणून प्रथमच सगळी मोठ्या टाकीतच राहू दिली. घरीच असल्याने दिवसभर बघत बसलो. आई वाळूचा घास घेऊन कल्ल्यांतून भुरभुर सोडायची, पिल्लं त्या गढुळात चरायची. बाप हद्दीवर. निऑन वरच्या एका कोपऱ्यात दाटीने उभे. कोरी जवळ आली की आई पंख झटकायची आणि पन्नासेक पिल्लं एका क्षणात वाळूला चिकटून वाळूच व्हायची. अंधार पडू लागला की दोघं एकेक पिल्लू तोंडात ओढून करवंटीत नेऊन थुंकायची. मी इतकी वर्षं टाकीचा दिवा फटकन बंद करत होतो, म्हणजे हे काम अर्ध्यात तोडत होतो. तेव्हापासून आधी टाकीचा दिवा जातो, खोलीची ट्यूब पंधरा मिनिटांनी.

मोठ्यांच्या खाण्यासाठी गॅलरीत बादली भरून डासांच्या अळ्या केल्या, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी मास्क लावून दारात उभे राहिले. बादली त्यांच्यासमोर ओतली. जूनअखेर टाकीत अकरा पिल्लं होती. टबातल्या सत्तावीसपेक्षा कमी, पण त्या अकरांसाठी मी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं.

पुढची पानं भराभर उलटली. 2021 मध्ये बायकोने नवऱ्याला इतकं धुतलं की त्याला शेजारच्या टबात ठेवावं लागलं. मग नात, पणती.

वही मिटून बाही वर केली, करवंटी उचलायला हात घातला. मादी बोटावर धावून आली. टॉर्च मारली. छत भरलेलं.

रंगाऱ्याला फोन लावला. “पुढच्या सोमवारी नको, त्याच्याही पुढच्या सोमवारी या.”

“का हो साहेब, घरात काही कार्य आहे का?”

“आहे,” म्हटलं.