बोअरच्या गाडीचे इंजिन शहाणे झाले, आता आपली पाळी

शेतात बोअरची गाडी आली की सगळ्या घराचे डोळे भोकाकडे लागतात. पाणी लागेल, की नुसता फुफाटा उडेल? पण गाडीवरच्या इंजिनाकडेही जरा पाहावे.

सोलापूर जिल्ह्याच्या पोटात काळा कातळ आहे. तो फोडणारा हॅमर चालतो कॉम्प्रेसरच्या हवेवर, आणि ही हवा दाबण्यातच बरेचसे डिझेल जळते. जुन्या गाडीत रॉड जोडताना हॅमर थांबे, इंजिन मात्र धडधडतच राही. चालकाने हात लावला तरच गती उतरे. नव्या इंजिनाला छोटा संगणक जोडलेला असतो. हवेचा दाब आणि इंजिनावरचा भार पाहून तो बेताने डिझेल सोडतो. काम नसले की गती आपोआप उतरते. इंजिन फार तापले किंवा तेलाचा दाब घसरला, तर तो इशारा देतो, वेळ पडल्यास इंजिन बंदही करतो.

ही बचत गाडीमालकाची. आपला हिशेब फुटावर, आणि खोल जाल तसा दरही चढतो. कुठे थांबायचे, हे संगणक सांगत नाही.

1970 नंतरच्या वर्षांत सोलापूरच्या 'शोलापूर वेल सर्व्हिस'ने बोअरवर बसणारा दणकट हातपंप बनवला. त्यावरून पुढे देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' तयार झाला. तो साधारण दीडशे फुटांपर्यंतचे पाणी ओढतो. आज त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल जाण्याची चढाओढ लागली आहे. पण आपल्या कातळात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली गेले म्हणजे पाणी वाढतेच असे नाही, कर्ज मात्र वाढते. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यानेही शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे फुटांच्या, खाली जाण्यास मनाई केली आहे.

तेव्हा मंडळी, एवढे करा. नारळ हातावर उभा राहिला म्हणून गाडी बोलावू नका. आधी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा. दर आणि खोली घरात सर्वांनी बसून आधी ठरवा. रॉडची लांबी विचारून घ्या, आणि किती रॉड खाली गेले ते घरच्याच माणसाने मोजावे. ठरलेली खोली आली की "अजून वीस फूट" या शब्दाला भुलू नका. पाणी लागो न लागो, तिथे थांबा.