‘मी डोलकर’ची घडण

लोकगीताच्या वळणाचे पद घ्यावे, त्याला विजेच्या गिटारीची साथ द्यावी आणि लहानशा तबकडीवरून ते घरोघर पोचवावे, ही ‘फोक रॉक’ची रीत अमेरिकेत १९६५ च्या सुमारास फोफावली. गिटार वगळली, तर तेच काम आपल्याकडे कोळीगीताने केले. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘मी डोलकर दर्याचा राजा’.

हा डोलकर कोण? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या आपल्या टापूत शाळांच्या स्नेहसंमेलनांतून मुले ह्या गाण्यावर डोलत नाचतात. तेव्हा डोलणारा तो डोलकर, असे कोणास वाटले तर नवल नाही. पण ‘डोल’ हे जाळ्याचे नाव आहे. पिशवीसारखे हे निमुळते जाळे खुंटांना किंवा नांगरांना बांधून त्याचे रुंद तोंड प्रवाहासमोर धरतात. भरती-ओहोटीचे पाणी जोराने आत शिरते आणि बोंबील, जवळा, करंदी शेपटाकडे ढकलली जातात. पाणी फिरण्याची वेळ साधून जाळे उपसावे लागते. आपली उल्हास नदी ज्या खाडीवाटे समुद्राला मिळते, त्या वसई-उत्तनकडच्या कोळ्यांचा हा पिढीजात धंदा. म्हणजे डोलकर हा खरा तर दर्याच्या वेळापत्रकाचा ताबेदार. गाण्यात मात्र तो राजा होतो!

आणि हे गाणे रचले कोणी? शब्द शान्ता शेळके यांचे. त्यांचे बालपण मंचर-पुण्याकडले. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. गायिले लताबाईंनी आणि हेमंतकुमारांनी, म्हणजे एका बंगाली गायकाने. ह्यांत कोळी कोणीच नाही. तरीही गाणे उपरे वाटत नाही, ह्याचे श्रेय आम्ही चालीला देऊ. हेमंतकुमारांचा आवाज खाली भरदार, लताबाईंचा वर लखलखीत, मध्ये साथीदारांचा हेल. होडीचे वरखाली होणे एवढ्यानेच कानांना जाणवते. पुढे ह्याच चालीवर बंगालीत गीत झाले, तेही ह्याच दोघांनी गायिले.

कोळीवाड्यांनीही हे गाणे आपले मानले. पण ज्या ठेक्यावर ते उभे आहे, तो घडविणारी माणसे अनेक आणि अनाम. तबकडीवर त्यांच्यासाठी जागा नसते. संमेलनाच्या रंगमंचावर आता वल्हे असते, टोपली असते, कमरेला रुमालही असतो. डोल मात्र कोठे दिसत नाही.