शेवटच्या झाडाला पाणी, शेवटच्या सिलिंडरला हवा

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागेत ठिबक टाकताना खरी काळजी असते ती ओळीच्या टोकाच्या झाडाची. पंपाजवळची झाडं पोटभर पितात आणि टोकाचा ड्रिपर नुसता ओला होतो. म्हणून सबमेन किती जाड, लॅटरल किती लांब, याचा हिशेब नळ्या अंथरण्याआधीच करावा लागतो. मोटारीच्या इंजिनातही अशी एक सबमेन असते, फक्त तिच्यातून हवा वाहते. एअर फिल्टरमधून आलेली हवा ती एका डब्यात साठवते आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी सोडते. हाच इनटेक मॅनिफोल्ड. टर्बोचं कौतुक सगळे करतात, या काळ्या नळ्यांच्या जुडग्याकडे मात्र कुणी पाहत नाही. मला तो इंजिनातला सगळ्यात विचारपूर्वक घडवलेला भाग वाटतो.

साधं, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन पाटाच्या पाण्यासारखं चालतं. पिस्टन खाली जातो, पोकळी होते आणि बाहेरची हवा आपल्याच दाबाने आत शिरते. जोर लावणारं दुसरं कुणी नाही. मग हवा जास्त भरायची कशी? उत्तर विहिरीवरच्या पाइपात सापडतं. पंप चालू असताना अचानक लाईट गेली की पाइपात धाडकन आवाज होतो. वाहतं पाणी एकदम अडलं की दाबाची लाट उठते आणि पाइपातून मागे-पुढे धावते. हवेतही तेच घडतं. पिस्टनच्या ओढीने नळीत ताणाची लाट उठते, ती डब्याच्या तोंडापर्यंत जाते आणि तिथून दाबाची लाट होऊन परतते. इनटेक व्हॉल्व्ह मिटण्याच्या अगदी आधी ती पोहोचली, तर जाता जाता थोडी जास्तीची हवा सिलिंडरात ढकलून देते. उशिरा आली, तर मिटलेल्या दारावर आपटते.

आता वेळेचं गणित बघा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर लाटेला जाऊन यायला ढोबळमानाने ३.३ मिलिसेकंद मिळतात. आवाजाच्या वेगाने तेवढ्यात साधारण १.२ मीटर अंतर कापलं जातं, म्हणजे नळी ६० सेंटिमीटरच्या आसपास हवी. फेरे निम्मे झाले की हीच लांबी दुप्पट होते. मीटरभराची नळी बोनेटखाली मावत नाही, म्हणून लाटेच्या दुसऱ्या-तिसऱ्या येरझारीवर भागवतात. अमेरिकेत १९६० साली क्रायस्लरने सुमारे ७५ सेंटिमीटरच्या नळ्या इंजिनावरून आडव्या नेऊन कार्ब्युरेटर पार पलीकडच्या बाजूला बसवले होते. लांब नळी कमी फेऱ्यांना ताकद देते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. साध्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला यातली एक बाजू निवडावीच लागते. काही गाड्यांत झडप उघडून नळीची लांबी बदलण्याची सोय असते, ती याचसाठी.

टर्बो आला की पाटावर पंप बसला. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरतं आणि हवा दाबून आत पाठवली जाते. लाटेच्या उपकाराची गरज बरीच कमी होते, पण दुसऱ्या अडचणी उभ्या राहतात. पंपापासून झाडापर्यंतचा पाइप रिकामा असेल, तर आधी तो भरावा लागतो. तसंच टर्बोपासून व्हॉल्व्हपर्यंतची जागा मोठी असेल, तर ती दाबाने भरेपर्यंत गाडी पिकअप घेत नाही. म्हणून टर्बोच्या मॅनिफोल्डच्या नळ्या बहुधा आखूड असतात आणि एकूण पोकळीही बेताची ठेवतात. साध्या इंजिनात मॅनिफोल्डच्या भिंती आत ओढल्या जातात, टर्बोत त्या बाहेर ढकलल्या जातात. त्यामुळे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या मॅनिफोल्डचे सांधे टर्बोसाठी अधिक भक्कम करावे लागतात.

फरक आकड्यांत पाहायचा, तर पुण्याच्या पिंपरीत तयार झालेली टाटाची अल्ट्रोझ घ्या. तीन सिलिंडर, सुमारे १.२ लिटर. २०२० मध्ये आलेलं साधं पेट्रोल इंजिन ८६ पीएस आणि ३३०० फेऱ्यांच्या आसपास ११३ न्यूटन मीटर द्यायचं. २०२१ च्या टर्बोने ११० पीएस आणि १४० न्यूटन मीटर दिले, तेही १५०० ते ५५०० फेऱ्यांपर्यंत सलग. साध्या इंजिनाचं शिखर होतं, टर्बोचं पठार झालं.

वऱ्हाडासाठी कळीचा प्रश्न उन्हाचा आहे. पारा २५ वरून ४५ अंशांवर गेला की हवा सुमारे ६ टक्के विरळ होते आणि साधं इंजिन तेवढं उपाशी राहतं. टर्बो ही तूट भरून काढतो, पण दाबलेली हवा तापते. ४५ अंशांची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती १४५ अंशांच्या घरात जाते. म्हणून मध्ये इंटरकूलर हवाच. चाकणला बनणाऱ्या कुशाक आणि टायगुन या गाड्यांच्या एक लिटर टीएसआय टर्बो इंजिनात पाण्याने थंड होणारा इंटरकूलर थेट मॅनिफोल्डमध्येच बसवलाय. हवेची वाट आखूड आणि थंडावाही तिथेच. अलीकडच्या रचनांत मला हीच सगळ्यात पटते.

साध्या इंजिनावर बाजारातला टर्बो चढवून देण्याच्या गोष्टी गॅरेजांतून ऐकू येतात. मॅनिफोल्ड, पिस्टन, इंधनाचा हिशेब, सगळंच दुसऱ्या कामासाठी घडलेलं असताना हा खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मार्चमध्ये मृगाची संत्री भरलेली एक डिझेल पिकअप गावातल्या गॅरेजसमोर उभी होती. मुलताईकडे चढताना दम सोडते आणि काळा धूर ओकते, अशी चालकाची तक्रार होती. मिस्त्रीने फिल्टरकडचं तोंड बांधून टायरच्या कंप्रेसरची हवा बेताने आत सोडली आणि साबणाचं पाणी होसवर ओतलं. इंटरकूलर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या क्लॅम्पखाली बुडबुडे फुलले. "गाडीले हवाच भेटून नाही राह्यली, भाऊ," तो म्हणाला. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून धूर. साध्या इंजिनात हीच चीर उलटी वागते. हवा बाहेर जात नाही, रस्त्याची धूळ फिल्टर चुकवून आत ओढली जाते आणि सिलिंडर झिजत राहतो. तिथे धूर दिसत नाही आणि बुडबुडेही फुलत नाहीत. नुसतं उभ्या गाडीचं इंजिन लटपटतं.

त्याने होस काढून उन्हात धरला. चीर जेमतेम नखाएवढी होती.