मुलाला फिट आली आणि आईने नकाशा काढला

आज कोड नाही, पण डेटा आहे.

आजारपणानंतर पर्यावरणाच्या कामात गेलेल्या लोकांच्या गोष्टी आपण खूप ऐकतो. त्यात मधला भाग गाळलेला असतो. आजार इकडे, संस्था तिकडे. मध्ये माणूस नेमकं करतो काय? लोईस गिब्सच्या बाबतीत ते स्पष्ट दिसतं.

अमेरिकेत नायगारा फॉल्स शहर आहे, हो, धबधब्याचंच. तिथे लव्ह कॅनॉल नावाच्या अर्धवट कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ मध्ये सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला. वर माती टाकून जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. मग तिथे शाळा झाली, आजूबाजूला घरं वाढली.

लोईस तिथलीच गृहिणी. मुलगा मायकल त्या शाळेत जायला लागला आणि काही महिन्यांत त्याला फिट्स येऊ लागल्या. १९७८ मध्ये तिने कचऱ्याबद्दल पेपरात वाचलं, शाळा बदलून मागितली. मिळाली नाही. तेव्हा २७ वर्षांची ही बाई कागद घेऊन दारोदार फिरायला लागली. ऑगस्टमध्ये सरकारने आणीबाणी जाहीर करून कालव्यालगतची २३९ कुटुंबं हलवायला घेतली. लोईसचं घर त्यात नव्हतं!

आता खरी गंमत ऐका. बायकांनी घरोघरच्या आजारांची माहिती गोळा केली आणि नकाशावर खुणा केल्या. खुणा सगळीकडे सारख्या नव्हत्या, जुन्या बुजवलेल्या ओहोळांच्या बाजूने जास्त होत्या. बेव्हर्ली पेजन या कर्करोग संशोधिकेने मदत केली. अंदाज असा, की रसायनं त्या ओल्या वाटांनी घरांखाली झिरपतायत. आरोग्य खात्याने हे झटकून टाकलं. पण फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच खात्याने बाहेरच्या भागातल्या गरोदर बायकांना आणि दोन वर्षांखालच्या मुलांना तिथून हलायला सांगितलं.

माझ्या मते तो नकाशा म्हणजे पुरावा नव्हता. लोकांनी स्वतः सांगितलेली माहिती, तुलनेला दुसरी वस्ती नाही. तो बग रिपोर्ट होता. कुठे तपासायचं ते सांगणारा.

१९८० च्या शेवटी विषारी जागा साफ करण्याचा सुपरफंड कायदा आला. तोवर दुसऱ्या गावांतून लोईसला फोन येत होते, "आमच्याकडेही असंच आहे, काय करू?" १९८१ मध्ये तिने त्यांच्यासाठीच संस्था काढली. म्हणजे करिअर आधी ठरलं नव्हतं. शिकलेलं दुसऱ्यांना सांगता सांगता ते झालं.

मला हे जवळचं वाटतं, कारण दोन वर्षांपूर्वी दम्याच्या अटॅकने मी तीन दिवस ॲडमिट होतो. आमच्या सोसायटीमागे रेडीमिक्स प्लांट आहे. नोकरी सोडलेली नाही, पण दर शनिवारी मी आणि शेजारच्या काकू एक शीट भरतो: विंग, मजला, खिडकी कुठल्या बाजूला, रात्री खोकला येतो का. चाळीसपैकी बावीस घरं झाली. बी विंगमधले एक काका नाही म्हणाले. फ्लॅट विकायला काढलाय त्यांनी, आणि त्यांचंही मला पटतं. म्हणून शीटमधून फ्लॅट नंबर काढून टाकलाय, फक्त मजला ठेवलाय. या शनिवारी परत त्यांची बेल वाजवणार आहे.