हा कचरा कोणाचा?

कल्याण-डोंबिवली महापालिकेने मे 2020 मध्ये 'शून्य कचरा' मोहीम आरंभिली, तेव्हा गावात जो गिल्ला झाला तो पुष्कळांच्या स्मरणात असेल. ओला कचरा निराळा व सुका निराळा दिला नाही तर तो उचलणार नाही, आणि रस्त्यावरच्या कुंड्याही काढून घेऊ, असा पालिकेचा निर्धार होता. त्यावर जे आक्षेप निघाले ते थोड्याफार फरकाने अजूनही ऐकू येतात. आणि 2025 साली कचरा उचलण्याचे शुल्क घरामागे वर्षास 600 रुपयांवरून 900 रुपयांवर नेण्याचे ठरले, तेव्हा तर त्यांस नवी धार चढली. या विरोधात खरे किती आणि बहाणा किती, हे एकदा शांतपणे पाहणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा की, "आम्ही कर भरतो; कचरा निवडीत बसणे हे आमचे काम नव्हे." कायद्यापुढे हे म्हणणे टिकत नाही. केंद्र सरकारच्या 2016 सालच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा वेगळा ठेवण्याचे कर्तव्य ज्याच्या घरी तो निर्माण होतो त्याच्यावरच घातले. परंतु कायदा क्षणभर बाजूस ठेवू. तांदळात एक खडा राहिला तर घरात केवढा गहजब होतो! त्याच घरातून शिळी आमटी, फुटकी काच आणि रोग्याची मलमपट्टी एकाच पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेविली जाते. आम्ही न निवडलेला हा कचरा तसाच राहतो काय? नाही, तो कोणी तरी उघड्या हातांनी निवडतो. हा 'कोणी तरी' कोणत्या जातींतून यावयाचा हे आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेविले आहे, आणि "हे आमचे काम नव्हे" या वाक्यात करदात्याच्या हक्कापेक्षा ही जुनी समजूतच अधिक बोलते. 1901 साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये गांधीजींनी झाडू मागून घेऊन शौचकूप साफ केला, त्यास सव्वाशे वर्षे होत आली. डोंबिवलीसारख्या सुशिक्षितांच्या गावात दोन डब्यांवरून वाद व्हावा, हे शोभत नाही.

आमचा कचरा आमच्या दारातून गेला म्हणजे नाहीसा होतो, हा भ्रम आधारवाडीने पुरता मोडला आहे. कल्याणच्या खाडीकाठची ती कचराभूमी वर्षानुवर्षे भरत गेली, तिचा डोंगर झाला, आणि त्या डोंगरास वारंवार आगी लागल्या. मार्च 2018 ची आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या काळात आसपासच्या वस्तीतील लहान मुलांनी जो धूर श्वासावाटे घेतला, तो आपणां सर्वांच्याच घरचा होता. त्यापूर्वी, 2015 साली, कचऱ्याची व्यवस्था होत नाही म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने या दोन्ही शहरांत नव्या बांधकामांस परवानगी देण्यास मनाई केली. ती पुढच्या वर्षी उठली. ज्यांचा धंदा बांधकामावर चालतो त्या व्यापाऱ्यांस तरी कचऱ्याचा आणि आपल्या गल्ल्याचा संबंध समजावून सांगावयास नको. मे 2021 मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे बंद झाले. घरोघरी वर्गीकरण सुरू झाले नसते तर हे घडणे कठीण होते, हे विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. पण म्हणून प्रश्न मिटला असे नव्हे. उंबर्डे आणि बारावे येथे प्रक्रियेची सोय करावयास घेतली तेव्हा तेथील रहिवाशांनी विरोध केला. ठाण्याने आपला कचरा वर्षानुवर्षे दिव्याच्या माथी मारला, आणि दिवा सुटले तेव्हा भंडार्लीच्या ग्रामस्थांची पाळी आली. प्रत्येकास कचरा दुसऱ्याच्या शिवेत हवा.

इथवर आम्ही नागरिकांस बोल लावला. आता पालिकेची बाजू. गृहिणीने दोन डबे ठेवावे, मुलांस शिकवावे, आणि गाडीवाल्याने तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही डबे एकाच गाडीत पालथे करावे, ही तक्रार खोटी नव्हे. ज्या नियमांनी वर्गीकरण नागरिकावर बंधनकारक केले, त्याच नियमांनी तो वेगळा कचरा वेगळाच उचलून नेण्याचे बंधन पालिकेवर घातले. नागरिकास दंड आणि पालिकेस क्षमा, असा एकतर्फी करार कोणत्याही न्यायासनापुढे उभा राहणार नाही. पैसे नाहीत ही सबबही चालावयाची नाही. रतलाम नगरपालिकेने गटारे आणि दुर्गंधी यांबाबत तीच सबब पुढे केली, तेव्हा 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ती साफ झिडकारली. कुंड्या हटविल्या, परंतु गाडी वेळेवर न आल्याने रात्री कोपऱ्यावर पडणारा ढीग सकाळी कोणा दुकानदाराच्या पायरीशी सापडतो. त्याने काय करावे, याचे उत्तर पालिकेने दिले पाहिजे. जुन्या चाळींत दोन डबे ठेवावयास जागा नाही, हाही आक्षेप ऐकू येतो. तो बहुधा आळसाचा आहे.

शुल्काचा प्रश्न मात्र निराळा. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे 2025 ची वाढ ठरली ती एकाही लोकनियुक्त सभासदाच्या मताशिवाय. ज्या देशाने परक्या सरकारशी याच तत्त्वावरून झगडा केला, तेथे स्वकीय अधिकाऱ्याने लोकांस न विचारता शुल्क वाढवावे, आणि लोकांनी मुकाट्याने द्यावे, हे आम्हांस मान्य नाही. रक्कम 300 रुपयांची आहे की तिनाची, हा येथे मुद्दाच नव्हे.

पुण्यात 2008 पासून कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करीत आली. तेथे घरमालक दारी येणाऱ्या व्यक्तीच्या हाती महिन्याचे पैसे देतो, आणि सुका कचरा विकून होणारी मिळकतही त्या कष्टकऱ्यासच मिळते. आपला पैसा कोठे गेला हे देणाऱ्यास दिसते, म्हणून तो देताना कुरकुर कमी करतो. आमच्या शहरांत तो मालमत्ता कराच्या देयकात एक ओळ होऊन जातो.

तेव्हा जे नगरसेवक आता निवडून आले आहेत, त्यांच्याकडे प्रत्येक प्रभागातील मतदारांनी लेखी मागणी करावी: कचऱ्याच्या शुल्कातून किती जमा झाले, कोणास किती दिले, कोणत्या गाडीत वेगळे कप्पे आहेत आणि कोणत्या गाडीत नाहीत, याचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे मांडून छापून प्रसिद्ध करावा, आणि तो येईपर्यंत, डबे मात्र दोनच ठेवावे.